हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही कमजोर असतील तर चालायला कसं जावं?

वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या भाजलेल्या आजीला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार असतो, आणि पुढे हृदयही थकतं. चालल्यावर दम लागतो हे घरच्यांना कळतं. मेंदूला प्राणवायू कमी पडतोय, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतही एकूण प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के त्यालाच लागतो. चालताना आजारी फुफ्फुसं रक्तात पुरेसा प्राणवायू भरत नाहीत आणि हृदयाला ते रक्त हवं तेवढं पुढे ढकलता येत नाही. काहींचा श्वास इतका भराभर होतो की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग डोळ्यांसमोर अंधारी येते.

आधी डॉक्टरांकडे सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. ऑक्सिजन कितीवर आला की थांबायचं, तो आकडा लिहून घ्या. बरेचदा तो 88 टक्क्यांच्या आसपास असतो.

मग जागा ठरवा. पाखाडीचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचा चढ नकोच. समुद्रावर गेलात तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि तेवढ्याच अंतराला जास्त दम लागतो. मे महिन्यातली दमट दुपार टाळा. पावसाळ्यात पडवीतल्या फेऱ्या पुरेत.

पहिली पाच मिनिटं रमतगमत चाला. पुढेही वेग इतकाच ठेवा की बोलता येईल. नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावून सोडा. शेवटी वेग हळूहळू कमी करा.

ऑक्सिमीटर जवळ असू द्या. बोट गार किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे: रक्तात प्राणवायू किती भरलाय एवढंच तो सांगतो, डोक्यापर्यंत रक्त किती पोचतंय ते नाही. 94 दिसत असतानाही घेरी आली तर थांबायचंच. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीच्या ठोक्यांवरही विसंबू नका.

म्हणून सोबत कुणीतरी हवं. त्याने मधूनच विचारावं, "आये, आज बाजारात कसले मासे इलेत?" उत्तर अडखळलं, भलतंच आलं, की तिथेच बसवावं. घरी ऑक्सिजन असेल तर डॉक्टरांना न विचारता तो वाढवू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बसूनही बोलणं सुधारलं नाही, तर लगेच 108 ला फोन करा.