चवथीला लंडनहून घरी येताय? तिकिटाचा हिशेब करताना या चुका टाळा

एका चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायचं फळाफुलांचं छत) बांधून झाली, भटजी आले, तरी लंडनचा पुतण्या पोचेना. त्याचा हिशेब असा होता: आदल्या रात्री 8 ला निघायचं, मुंबईपर्यंत 9 तास, तिथे 3 तास थांबायचं, पुढे पेडण्याजवळच्या मोपा विमानतळापर्यंत सव्वा तास. एकूण सव्वातेरा तास, म्हणजे सकाळी सव्वानऊला हजर! बेरीज चोख, पण घड्याळ लंडनचं. तो मोपाला उतरला तेव्हा इथे दुपारचे पावणेदोन वाजले होते. आरती आटोपलेली, आणायला गेलेला माझा भाऊ सकाळपासून पार्किंगमध्ये ताटकळलेला.

तिकिटावर सुटायची वेळ तिथली असते, पोचायची इथली. लंडन आपल्या मागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. जाताना उलटी गंमत. ऑगस्टमध्ये मुंबईहून दुपारी 1 ला निघालेलं विमान तिथे संध्याकाळी साडेसहाला उतरलं, की लोकांना वाटतं साडेपाच तासांत पोचलो. प्रत्यक्षात 10 तास झालेले असतात. खरा वेळ हवा तर तिकिटावरचा 'एकूण कालावधी' वाचावा, वजाबाकी करू नये.

विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरून अंतराला 900 ने भागणं ही दुसरी खोड. मुंबई-गोवा हवाई अंतर सुमारे 400 किलोमीटर; भागाकार म्हणतो अर्धा तास, वेळापत्रक म्हणतं तासाहून जास्त. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढणं, उतरणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. गोवा-लंडन अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर आहे, पण तो आकडा पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यासारखा. विमान तसं जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचा वळसा वाढला. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, म्हणून येताना वेळ बहुधा कमी लागतो. काही ठिकाणी अंतर नॉटिकल मैलांत देतात. एक म्हणजे 1.852 किलोमीटर. साडेसात हजारांचे चार हजार दिसले तर हुरळून जाऊ नका.

आणि विमानतळ बघा हो! गोव्यात विमानतळ दोन, आणि तिकिटावर दोन्हींना नुसतं 'गोवा' लिहिलेलं असू शकतं. म्हणून विमानतळाचा कोड बघा: जीओआय म्हणजे वास्कोजवळचं दाबोळी, जीओएक्स म्हणजे जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेलं मोपा. आम्हा पेडणेकरांना मोपा अंगणात. मडगावच्या माणसाला मात्र मोपाहून घरी पोचायला मुंबई-गोवा विमानाहून जास्त वेळ लागू शकतो.