जुनी अर्टिगा की नवी? साल आधी बघा

घरात सहा-सात माणसं असतील आणि मारुतीची सात सीटची अर्टिगा घ्यायची असेल, तर नुसत्या किमतीवर ठरवू नका. दुसऱ्या पिढीची, जरा मोठी अर्टिगा 2018 च्या शेवटी आली. त्याआधीच्या गाडीत तिसरी रांग बरीच अडचणीची आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर एप्रिल 2022 नंतरचं मॉडेल शोधा. तेव्हापासून चारऐवजी सहा गिअर मिळतात, आणि भरल्या गाडीने कात्रजचा घाट चढताना हा फरक चांगलाच जाणवतो.

जुनी गाडी बघायला जाताना घरातल्या सर्वांत उंच माणसाला सोबत न्या आणि ट्रायलभर मागेच बसवा. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर इंजिन आधीच तापवून ठेवलंय, थंड इंजिन सुरू होतानाचे दोष कळणार नाहीत; दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीचं मीटर चाळीस हजार दाखवत होतं, पण क्लचच्या पेडलचं रबर घासून पार गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटरवर विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. ती आम्ही सोडली. टॅक्सी म्हणून धावलेल्या अर्टिगा पुष्कळ आहेत, म्हणून आरसीचा (गाडीच्या नोंदणीचा) इतिहास तपासाच. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

सीएनजीची टाकी डिकीत असते, त्यामुळे सातही जण बसले की बॅगा कुठे ठेवणार ते आधी ठरवा. आणि दोन वर्षांच्या आतली गाडी नव्यापेक्षा थोडीच स्वस्त मिळत असेल, तर सरळ नवी घ्या.