लॅपटॉपला वायफाय जोडायचंय? आधी राउटरकडे बघा

लॅपटॉप नंतर उघडा. आधी भिंतीवरच्या त्या डबीकडे, म्हणजे राउटरकडे बघा. दिवे लागलेत का? फायबरचं कनेक्शन असेल तर ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर पाहिजे. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर केबलच कुठेतरी तुटलीय किंवा निसटलीय. मग लॅपटॉपशी झटापट करून उपयोग नाही. लाइट नुकतीच आली असेल तर मात्र दोन-चार मिनिटं थांबा, डबीला जागं व्हायला वेळ लागतो.

मी सोलापुरात स्कूटीवरून घरोघरी जाऊन लॅपटॉप-प्रिंटर बघते. ‘ताई, वायफाय लागत नाही’ असा फोन आला की त्यामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. लॅपटॉप ते राउटर हा एक रस्ता, राउटर ते बाहेरचं इंटरनेट हा दुसरा. सोलापूरकराला हे समजावायला वेळ लागत नाही: पाइप धडधाकट असला तरी टाकीतच पाणी आलं नसेल तर नळ कोरडाच राहणार. वायफाय म्हणजे फक्त टाकी ते नळ.

आता जोडणी. विंडोजमध्ये उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, वायफाय जोडलेलं नसताना पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करा. विंडोज १० मध्ये थेट नावांची यादी उघडते. विंडोज ११ मध्ये वायफायच्या बटणाला लागून एक छोटा बाण असतो, तो दाबल्यावर यादी येते. ॲपलच्या लॅपटॉपवर वायफायचं पंख्यासारखं चिन्ह वरच्या पट्टीत, उजवीकडे असतं.

यादीत अख्खी गल्ली दिसेल. आपलं नाव कुठलं, हे राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवर ‘एसएसआयडी’च्या पुढे वाचा. पासवर्डही बहुधा तिथेच असतो, कुणी बदलला नसेल तर. शेजारच्यांचं बिनपासवर्डचं वायफाय सापडलं म्हणून खूश होऊ नका. बँकेचं काम तर त्यावर अजिबात नको.

आपलं नाव निवडा, ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’वर खूण करा, ‘कनेक्ट’ दाबा, पासवर्ड टाका. लोक अडकतात ते इथेच. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ स्टिकरवर जुळ्या भावांसारखे दिसतात. चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की टाइप केलेलं दिसतं. स्टिकर पुसट झालं असेल आणि घरातला एखादा अँड्रॉइड फोन आधीच जोडलेला असेल, तर त्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबा. बऱ्याच फोनवर क्यूआर कोडखाली पासवर्ड लिहून येतो.

एकाच घराची दोन नावं दिसली, एकाच्या शेवटी ‘५जी’, तर ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतं. पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड दगड-मातीच्या भिंती असतील तर मी सरळ २.४ गिगाहर्ट्झवालं नाव जोडून देते. जुन्या लॅपटॉपला तर ५ वालं दिसतही नाही. आणि राउटर लोखंडी कपाटामागे लपवू नका, पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर तर नकोच. आपल्याकडचा मे महिना त्याला झेपत नाही.

यादीच येत नसेल तर एअरप्लेन मोड चालू आहे का बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा वायफायचं चित्र असलेली की चुकून दाबली जाते. नुसती दाबून फरक पडला नाही तर ‘एफएन’ धरून दाबा.

जोडलं गेलं, पण ‘नो इंटरनेट’ लिहून येतंय? पहिला रस्ता ठीक आहे, घोळ बहुधा दुसऱ्यात. राउटर बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा. मग फोन त्याच वायफायवर घेऊन तपासा, पण फोनचा मोबाइल डेटा बंद करून! नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि सगळा दोष लॅपटॉपवर येतो.

फोन चालला आणि लॅपटॉप नाही, तर यादीतल्या त्या नावावर राइट क्लिक करून ‘फर्गेट’ करा आणि पुन्हा जोडा. बरेच महिने बंद पडलेला जुना लॅपटॉप असेल तर तारीखही बघा. वर्ष चुकीचं असलं की धडधाकट वेबसाइटही असुरक्षित म्हणून दाखवल्या जातात.

दोन्ही चालत नसतील तर कंपनीला फोन. नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हणू नका. कुठला दिवा लाल आहे ते सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस येईपर्यंत फोनचा हॉटस्पॉट चालू करा, तोही त्याच यादीत दिसतो आणि तसाच जोडला जातो. फक्त त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपवतील.