आगीनंतर मदतीला जाताना या चुका टाळा

घर जळालेल्या कुटुंबाच्या मदतीला जाणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे राख आणि मलबा घाईघाईने उपसणे. अग्निशमन दलाने परवानगी देईपर्यंत तर आत पाऊल टाकूच नये, कारण कोळसे तासन्‌तास धुमसत असतात, तापून तडकलेले सिमेंटचे पत्रे अचानक कोसळतात आणि लोंबणाऱ्या तारेत वीज असू शकते. परवानगी मिळाल्यावरही पंचनामा होईपर्यंत आणि चारही बाजूंनी छायाचित्रे निघेपर्यंत फावडे लावू नये. पंचनाम्यात जे नोंदले गेले नाही, त्याची भरपाई मिळवताना कुटुंबाच्या नाकी नऊ येतात. त्यातही भाडेकरू हमखास सुटतात. नाव घरमालकाचे लागते आणि भांड्याकुंड्यांसह सर्वस्व गमावलेले कुटुंब कागदावर येतच नाही. पंचनामा चालू असताना अशा कुटुंबाबरोबर उभे राहणे हीच मोठी मदत आहे.

शिवाय त्या राखेतही संसार उरलेला असतो. सोने वितळले तरी नाहीसे होत नाही, त्याची गुठळी होऊन राखेत पडून राहते. एक बाई पिठाच्या चाळणीने कपाटाच्या जागेवरची राख सकाळपासून चाळत बसल्या होत्या, आणि दुपारी त्यांच्या तळहातावर मंगळसूत्राच्या दोन काळवंडलेल्या वाट्या आल्या. शेजारच्या खोलीची राख मात्र आम्ही स्वयंसेवकांनीच आदल्या दिवशी ट्रकमध्ये भरून पाठवली होती. तेव्हापासून आमच्या सामानात चाळण्या असतात. जळक्या नोटांचे पुडके सापडले तर ते सोडवू नये. कापूस घालून डब्यात जसेच्या तसे ठेवावे. कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत स्वीकारल्या जात नाहीत, त्यांचा निर्णय रिझर्व्ह बँकेच्या संबंधित कार्यालयात होतो.

कागदपत्रे नंतर पाहू, असे म्हणणेही चुकीचे आहे. कांदिवलीच्या दामूनगरात डिसेंबर २०१५ मध्ये आणि मालाडच्या आप्पापाड्यात मार्च २०२३ मध्ये शेकडो झोपड्या जळाल्या. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातली पात्रता १ जानेवारी २००० किंवा १ जानेवारी २०११ पूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावर ठरते, त्यामुळे अशा आगीत जुने वीजबिल जळणे म्हणजे उद्याच्या घरावरचा हक्कच धोक्यात येणे होय. कामाचा क्रमही नीट लावावा. मोबाइल जळालेला असल्याने ओटीपी येत नाही आणि तेथेच सगळे अडते. म्हणून आधी आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून आधारची प्रत काढावी, ती दाखवून त्याच क्रमांकाचे सिम घ्यावे आणि मग शिधापत्रिका, बँक पासबुक, शाळेचे दाखले अशा गोष्टींच्या मागे लागावे. प्रत्येक अर्जाला अग्निशमन दलाच्या दाखल्याची आणि पंचनाम्याची प्रत जोडावी.

आग घरगुती सिलिंडरच्या गॅसमुळेच लागली असेल, तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवायचे राहून जाते. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो, आणि तो दावा वितरकामार्फतच पुढे जातो.

जुन्या कपड्यांची गाठोडी कृपया नेऊ नयेत. बिनमापाच्या, बटणे तुटलेल्या कपड्यांचे ढीग दोन दिवसांत चिखलात तुडवले जातात आणि ते उचलण्याचे काम पुन्हा त्याच वस्तीवर पडते. आधी विचारावे, मग आणावे. नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, बादली-तांब्या, कुलूप या गोष्टी लोक मागायला संकोचतात, म्हणून त्या विचारण्यासाठी महिला स्वयंसेवक हव्यात. शिजवलेल्या अन्नाचेही तसेच: पहिल्या दोन दिवशी पाच-पाच मंडळांचा पुलाव येऊन वाया जातो आणि सहाव्या दिवशी कोणीही फिरकत नाही. तोवर शेगडी, तवा, कुकर आणि महिन्याचा शिधा मिळाला, तर घरची चूल पेटते आणि रांगेत ताट धरून उभे राहावे लागत नाही.

“आग लागली कशी?” हा प्रश्न स्वयंसेवकाने विचारू नये. ज्या बाईच्या हातून स्टोव्ह भडकला, तिला तो दिवसातून वीस वेळा ऐकावा लागतो. मदत देतानाचे छायाचित्रही काढू नये. हिशेबासाठी वहीत सही किंवा अंगठा घेतला तरी पुरते. वर्गणी कोणाच्या वैयक्तिक खात्यात गोळा न करता ती वही रोज संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसमोर वाचून दाखवावी, म्हणजे कोणत्या घरी काय पोहोचले नाही, हे तेथल्या तेथे कळते.