कोलोनोस्कोपीची धास्ती घेतली असेल तर: चिठ्ठी मिळाल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं

पोटात मुरडा येतो, संडासला कधी पातळ होते तर कधी आव पडते, वजन उतरत चाललंय, हिमोग्लोबिन कमी आलंय आणि सोनोग्राफी मात्र नॉर्मल. अशा वेळी बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे डॉक्टर चिठ्ठीवर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघायची तपासणी, लिहून देतात, आणि माणूस ती चिठ्ठी खिशात ठेवून महिनोन् महिने दिवस पुढे ढकलत राहतो. ही धास्ती एका गोष्टीची नसते. दुखेल का, लाज वाटेल का, ते औषध पिणं जमेल का, आणि काहीतरी मोठं निघालं तर, अशा चार भीती एकात एक गुंतलेल्या असतात. त्या सोडवून एकेक हाताळल्या तर प्रत्येकीवर करण्यासारखं काही ना काही असतं.

आधी विचारा: ही तपासणी कशासाठी?

कारण कळलं की मन थोडं थाऱ्यावर येतं. डॉक्टरांना सरळ विचारा: "डॉक्टर, तुम्हाला नेमकं काय बघायचंय? आणि दुर्बिणीत काही नाही दिसलं तर पुढे काय करायचं?"

संडासवाटे रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, लोह कमी पडून आलेला अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर अचानक बदललेली संडासची सवय, आई-वडील किंवा भावंडांत आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर तपासणी टाळू नये. यातलं काहीच नसेल, वय कमी असेल आणि संडास झाल्यावर पोटदुखी थांबत असेल, तर आधी रक्ताची तपासणी आणि संडासची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करून थांबता येतं का, हे विचारायला हरकत नाही. कॅलप्रोटेक्टिनवरून आतड्याला सूज आहे का याचा अंदाज येतो.

आपल्या भागात आणखी एक कारण असतं, ते म्हणजे आतड्याचा टीबी. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, तो बहुतेकदा बसतो. क्रोन्स नावाचा आजारही नेमका तिथेच होतो आणि दिसायला बराच सारखा असतो. दोन्हींची औषधं मात्र अगदी वेगळी. म्हणून आतून तुकडा घेऊन तपासल्याशिवाय अंदाजाने औषध सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं.

आत काय होतं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड, लवचिक नळी. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. हातात सलाईनची सुई, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, बहुतेक वेळा नाकाशी ऑक्सिजनची नळी. डॉक्टर आधी जेली लावून बोटाने तपासतात, मग नळी आत जाते. सगळं साधारण 20 ते 45 मिनिटांत आटोपतं.

आतड्याचं आतलं अस्तर कापलेलं कळत नाही, त्यामुळे तुकडा घेताना दुखत नाही. दुखतं ते आतडं ताणलं जाताना, म्हणजे हवा भरताना किंवा नळी वळणावरून पुढे सरकताना. त्यासाठीच झोपेचं इंजेक्शन देतात. काही ठिकाणी हलकी गुंगी देतात, त्यात आवाज कानावर पडतात पण फारसं आठवत नाही. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ प्रोपोफोल देऊन पूर्ण झोपवतात. आपल्याला कुठली मिळणार आणि तिचे पैसे वेगळे आहेत का, हे तारीख घेतानाच विचारा. हलक्या गुंगीत दुखलं तर हात हलवून सांगा. डॉक्टर हवा काढून घेतात, कुशी बदलायला सांगतात किंवा पोट बाहेरून दाबतात.

लाजेबद्दल: मागच्या बाजूला फट असलेला गाऊन असतो आणि वरून चादर. मध्येच संडासला आल्यासारखं वाटतं आणि गॅस सुटतो. ती आत सोडलेलीच हवा असते. तो दाबून धरला तर पोट जास्त दुखतं, तेव्हा खुशाल सोडा. बाईमाणसाला सोबत नर्स किंवा महिला डॉक्टर हव्या असतील तर तसं आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवावं, ऐनवेळी सोय होईलच असं नाही.

धोका शून्य नाही. नुसत्या तपासणीत आतड्याला भोक पडण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी असतं. कोंब, म्हणजे पॉलिप, कापून काढला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. संमतीपत्रावर हेच लिहिलेलं असतं. तो कागद बऱ्याचदा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर "मराठीत सांगा, मग सही करतो" म्हणायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

आठवडाभर आधी: गोळ्यांची यादी

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. नावं पाठ नसली तरी चालतं.

लोहाच्या गोळ्या 5 ते 7 दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी संडास काळी आणि चिकट होते, अस्तराला धरून बसते. इसबगोलही काही दिवस आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर तसं करणं जिवावर बेतू शकतं. ज्यांनी त्या लिहून दिल्या, त्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन आणि गोळ्यांचं वेळापत्रक लिहून घ्यावं. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या सहसा 3 दिवस आधी थांबवायला सांगतात, हे मुद्दाम विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही आधी सांगा. पोट साफ करायचं औषध त्यावरून ठरतं, आणि फॉस्फेट असलेलं औषध मूत्रपिंड अधू असलेल्यांना देत नाहीत. जमालगोटा, घरचं रेचक चूर्ण यांपैकी काही परस्पर घेऊ नका.

दोन-तीन दिवस आधी: ताटात काय

आपलं रोजचं चांगलं जेवणच इथे आड येतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट कडधान्यं, शेंगादाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ, पेरू, टोमॅटोच्या बिया, काकडी, हे सगळं दोन-तीन दिवस बंद. कारळं आणि तीळ आतड्याच्या घड्यांत अडकून राहतात आणि दुर्बिणीची नळी तुंबवतात. बद्धकोष्ठाचा जुना त्रास असेल तर हे पथ्य चार-पाच दिवस पाळलेलं बरं.

चालतं ते असं: मऊ पांढरा भात, मूगडाळीचं गाळलेलं वरण, दही, ताक, इडली, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, साल काढून उकडलेला बटाटा, पांढरा ब्रेड, अंडं. ताकात कोथिंबीर-जिरं घालू नका.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी हलका नाश्ता, आणि त्यानंतर फक्त आरपार दिसणारं पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरवरचं गाळलेलं पाणी, सफरचंदाचा गाळीव रस, ओआरएस. दूध आणि ताक आता बंद. कोकम सरबत, बीट, काळ्या द्राक्षांचा रस टाळा, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. खानापूर-कणकुंबीकडच्या घरांत कोकम पिणं सवयीचं असतं, म्हणून हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पावडर पिणं: खरी कसोटी

ज्यांची कोलोनोस्कोपी झालीय ते बहुतेक हेच सांगतात, की तपासणीपेक्षा आदली रात्र अवघड गेली. म्हणून सगळी शिस्त इथे लावा. पोट नीट साफ झालं नाही तर लहान कोंब दिसत नाहीत, आणि कधी कधी तपासणी अर्धवट सोडून परत सगळं करावं लागतं.

बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. नेहमीचं मोठं पाकीट 2 लिटर पाण्यात विरघळवायचं असतं, पण कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून पाकिटावर लिहिलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळा. डोस दोन भागांत घेतला तर पोट जास्त चांगलं साफ होतं. तपासणी सकाळी 11 ला असेल तर साधारण असं:

1. आदल्या दुपारी पावडर पूर्ण विरघळवून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. गार असली की चव कमी लागते. साखर, दूध काही मिसळू नका.
2. संध्याकाळी 6 ला पहिला 1 लिटर सुरू करा. दर 15 मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे 250 मिली. घोट-घोट करत बसण्यापेक्षा ग्लास पटकन संपवा, हवं तर स्ट्रॉने.
3. प्रत्येक ग्लासनंतर लिंबाची फोड चोखा. मध्ये दहा-बारा पावलं चाला.
4. पहाटे 5 ला दुसरा लिटर त्याच पद्धतीने, साडेसहापर्यंत संपवा. त्यानंतर साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल, ते रुग्णालय सांगेल तसं.

पहिली संडास एक ते तीन तासांत होते. तीन तासांतही काही झालं नाही तर घाबरू नका, चाला आणि रुग्णालयाला फोन करा. मळमळ आली तर अर्धा तास थांबा, मग दर 20-25 मिनिटांनी एक ग्लास घ्या. उलट्या थांबतच नसतील तर फोन करा, डॉक्टर उलटीची गोळी सांगतात. पोट फुगून जोरात दुखतंय, उलट्या होताहेत आणि संडास-गॅस काहीच सुटत नाही, असं झालं तर पुढचा ग्लास घेऊ नका. थेट दवाखाना गाठा, आतडं कुठेतरी अडलेलं असू शकतं.

शेवटी नुसतं पिवळसर, फिक्या चहासारखं आरपार पाणी आलं पाहिजे. गढूळ, तपकिरी येत असेल तर तपासणीआधी नर्सला खरं सांगा. एनिमा देऊन किंवा वेळ पुढे ढकलून मार्ग काढतात.

छोट्या गोष्टींनी ही रात्र सुसह्य होते. दहा-बारा वेळा जावं लागतं, म्हणून पहिल्या ग्लासाआधीच मागच्या जागेला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, आणि पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा. नळाला पाणी कधी येतं ते बघून पिंप भरून ठेवा. गुडघे दुखत असतील तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. वयस्कर माणसाला रात्री एकटं सोडू नका, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडायची भीती असते.

गाव लांब असेल तर

जांबोटी किंवा अथणीच्या पुढच्या खेड्यातून पहाटेचा डोस घेऊन एसटीत बसणं शक्य नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज, जिथे तपासणी असेल तिथे आदल्या रात्री पाहुण्यांकडे किंवा लॉजवर मुक्काम करा, किंवा दुपारची वेळ मागून घ्या. खानापूरहून बेळगाव 25 किलोमीटरच्या आसपास आणि निपाणीहून कोल्हापूर साधारण 40. एवढ्या अंतरासाठीसुद्धा शेवटच्या ग्लासनंतर दीड-दोन तास घरीच काढा, सोबत एक जादा कपड्यांचा जोड ठेवा.

सोबत एक सुजाण माणूस हवाच, नाहीतर गुंगी देत नाहीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मानचं कार्ड आणि जुने रिपोर्ट न्या. नुसती तपासणी योजनेत बसते की नाही, हे काउंटरवर तारीख घेतानाच विचारा, खास करून सीमा ओलांडून महाराष्ट्रात जात असाल तर. दागिने घरी ठेवा, नेलपॉलिश काढा, दातांची कवळी असेल तर सांगा. तंबाखू, मिश्री, गुटखा त्या सकाळी तोंडात नको.

मन सैरभैर झालं तर

तारीख लवकरची घ्या, वाट बघण्यातच धास्ती वाढते. रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसू नका. मनातले प्रश्न कागदावर लिहा आणि डॉक्टरांच्या हातात द्या, कारण समोर बसल्यावर निम्मे विसरतात. टेबलावर छाती धडधडली तर चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, असं दहा वेळा करा. लांब उच्छ्वासाने नाडी खरोखर मंदावते. पूर्वी खूप घाबरून बेशुद्ध पडला असाल किंवा जुना वाईट अनुभव असेल तर तो आधीच सांगा, त्याप्रमाणे गुंगी ठरवता येते.

"मोठं काही" निघण्याची भीती सगळ्यात खोल असते. ती दाबून ठेवण्यापेक्षा घरच्या एका माणसाशी बोला, आणि रिपोर्ट ऐकायला तोच माणूस सोबत येईल असं ठरवा. कोंब वेळेत सापडला तर त्याच वेळी काढता येतो, आणि तो कॅन्सरमध्ये बदलण्याआधीच विषय संपतो.

तपासणीनंतर

तासभर झोपवून ठेवतात. पोट फुगलेलं वाटतं, चाललं की गॅस सुटतो. पहिलं जेवण मऊ भात आणि दही. 24 तास गाडी चालवू नका, शेताच्या किंवा बँकेच्या कागदांवर सह्या करू नका. पुढची संडास दोन-तीन दिवसांनी झाली तरी ते स्वाभाविक आहे. तुकडा घेतला असेल तर रक्ताचे एक-दोन ठिपके दिसू शकतात.

पोट दगडासारखं कडक होणं, वाढत जाणारी कळ, ताप, रक्ताच्या गाठी पडणं, घेरी येणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा. कोंब काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. पावसाळ्यात रस्ता बंद पडणाऱ्या गावात राहत असाल तर निदान ती रात्र शहरात काढा.

गुंगी उतरायच्या आत डॉक्टर जे सांगतात ते लक्षात राहत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने लिहून घ्यावं: दुर्बीण शेवटपर्यंत पोचली का, पोट साफ होतं का, तुकडे कुठून घेतले. तुकड्यांचा रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो, टीबीचं कल्चर (तुकड्यातले जंतू वाढवून बघणं) लावलं असेल तर सहा ते आठ आठवडे. पातळ जुलाब जुने असतील तर अस्तर चांगलं दिसत असूनही तुकडे घेतलेत का, हे विचारा. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी एक सूज असते, ती डोळ्यांना कळत नाही. आणि सगळं नॉर्मल आलं तरी "तुम्हाला काही झालेलं नाही" एवढ्यावर उठू नका. आयबीएससारख्या, म्हणजे आतड्याचं काम बिघडण्याच्या, त्रासात दुर्बिणीला काही दिसत नाही, पण त्रास खरा असतो आणि त्यावर औषध, आहार आणि पुढची तारीख मागून घ्यायची असते.