डाग दिसला? सुरुवातीच्या महिन्यांत या चुका टाळा

दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही रीत घरोघरी आहे. बातमी गुपित ठेवा, हरकत नाही. पण तिच्यासोबत लागलेला डागही लपवला जातो आणि दुखणं अंगावर काढलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो. त्यातल्या अनेकींचे दिवस पुढे नीट भरतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रंगावरून निदान. ‘तपकिरी आहे ना, मग जुनं रक्त, काळजी नको.’ रक्त जुनं असेलही, पण गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या बीजनळीत रुजला असेल तरी सुरुवातीला असाच डाग दिसू शकतो. म्हणून सोबत आणखी काय होतंय ते बघा. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्याच्या टोकाला कळ. खांद्याचा काय संबंध? नळी फुटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं आणि कळ खांद्यात जाणवते. यातलं काही असेल किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

‘गर्भावर पाळी आली’ असंही म्हणतात. गरोदरपणात पाळी येत नाही. गर्भ रुजताना पाळीच्या तारखेच्या आसपास हलका डाग लागू शकतो. तीच पाळी धरली की आठवडे कमी मोजले जातात आणि सोनोग्राफीत गर्भ हिशेबापेक्षा मोठा निघतो.

जावेच्या उरलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकवायला मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या घेऊ नका. ते औषध कुणाला द्यायचं, हे आधीचे गर्भपात वगैरे बघून डॉक्टर ठरवतात. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, याला पुरावा नाही. जिना चढला म्हणून असं झालं, हे सासूबाईंनी म्हणू नये आणि सुनेने मनावर घेऊ नये.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तपासणीला जाताच आधी ते सांगा. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन लागणार असेल तर ते रक्तस्राव सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

आता पांढरं जाण्याबद्दल. पातळ, दुधाळ, फारसा वास नसलेला स्राव या दिवसांत वाढतोच. दह्यासारखा आणि खाज असेल तर बुरशी. करडा आणि मासळीचा वास असेल तर जंतूंचा बिघाड. जंतुनाशकाने आतून धुण्याने तो वाढतो. खाजेसाठी मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनॅझोलची (बुरशीवरची) गोळी आणू नका, गरोदरपणात ती टाळतात.

डाग लागला की टॅम्पॉन किंवा कप नको, पॅडच वापरा आणि किती बदलले ते वेळेसकट लिहून ठेवा. गाठीसारखं काही पडलं तर फ्लश न करता स्वच्छ डबीत डॉक्टरांकडे न्या. आतून करायच्या सोनोग्राफीला घाबरून नाही म्हणू नका. तिने गर्भ पडत नाही, उलट तो नळीत आहे की गर्भाशयात ते तिच्यातच लवकर कळतं.