जुन्या मॅक प्रोला नवं ग्राफिक्स कार्ड

माझा २०१० चा मॅक प्रो, तो उंच ॲल्युमिनियमचा, अजून ठणठणीत आहे. पण मोजावे (मॅकओएसची १०.१४ आवृत्ती) टाकायचं तर मेटल, म्हणजे ॲपलचं ग्राफिक्स तंत्र, चालणारं कार्ड हवं, आणि मूळ कार्डाला ते झेपत नाही. दुकानात ‘खास मॅकचं’ कार्ड विचारलं, तर सांगितलेल्या भावात अख्खा सेकंडहँड पीसी आला असता. फार जिवाला लागलं.

मग पीसीचंच सफायर पल्स आरएक्स ५८० घेतलं. ॲपलच्या सुसंगत कार्डांच्या यादीतच आहे ते! खरी अडचण विजेची. कार्डाला ८ पिनांचा प्लग लागतो, मदरबोर्डवर मात्र दोन बारीक ६ पिनी सॉकेट. दोन्ही जोडून ८ पिनी करणारी केबल मिळते, तीच घ्या. स्लॉटचे ७५ वॉट आणि दोन सॉकेटांचे प्रत्येकी ७५, म्हणजे २२५. कार्ड साधारण १८५ खातं.

मोजावे टाकण्याआधी मॅकओएस १०.१३.६ वर या आणि फाइलव्हॉल्ट (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) बंद करा. नव्या कार्डावर मॅक सुरू होताना स्क्रीन काळीच राहते, लॉगिनलाच चित्र येतं. घाबरू नका. जुनं कार्ड मी जपून ठेवलंय, बूट मेनू (कोणत्या डिस्कवरून सुरू करायचं ते निवडायचा पडदा) लागला तर तेच लावायचं.